ओढ्याची वाळू

कळंब, ३ मार्च २०२५

आप्पा,
सविनय जय भीम. मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नको. ही चिठ्ठी आत्ताच गावाकडं निघालेल्या प्रसेनजितदादाच्या हाती देतेय. फोन तीनदा लावला, पण तुमचा आवाज आला की मी कट केला.

रविवारी विहाराचं उद्घाटन आहे. ते पुढं ढकला.

विहारावर तुम्ही घातलेल्या स्लॅबच्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे आज आमच्या लॅबमध्ये मशीनखाली दाबले. अठ्ठावीस दिवस झाले. वीसच्या दाबापर्यंत टिकायला हवे होते, तिन्ही बाराच्या आसपास फुटले. खडी बोटानं निघून आली. उरलेली वाळू चाळून बघितली, तर सगळी पिठासारखी, जाड कण नावाला. बरणीत पाण्यात ढवळून ठेवली, वर बोटभर गाळ बसला. असल्या वाळूला पाणी जास्त लागतं, अन् माती सिमेंटला धरू देत नाही. तुम्ही तर प्रत्येक गाडीची वाळू मुठीत चोळून बघता. मग ही ओढ्याची कशी उतरवून घेतली, हे विचारणार होते.

पण आधी माझं सांगते.

सात दिवसांचे ठोकळे मीच तपासले होते. तेरा यायला हवे होते, आठ आले. मी तेरा लिहिलं. तुमचं काम होतं, आप्पा. वाटलं, पुढं सुधारेल. तो कागद बघून तुम्ही स्लॅबखालचे टेकू काढलेत. तेव्हापासून पोरं तिथं अभ्यासाला बसतात, हे मला माहीत होतं. तरी गप्प राहिले.

आज लॅबच्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आधी गावाला कळव. तुझं नंतर बघू." कुणालाही आत जाऊ देऊ नका. बुधवारी इंजिनिअर येतील.

माफ करा, असं लिहायला हात होत नाही.

चैताली

बेंबळी, १४ मार्च

चैताली,
जय भीम. चिठ्ठी वाचली तसा पळतच गेलो. आत बाया तोरणं बांधत व्हत्या, तुझी आईबी. समद्यास्नी भाईर काढलं, कुलूप घातलं. दिस मावळायच्या आत टेकू परत लावले.

इंजिनिअरनं स्लॅबातून गोल तुकडे काढून नेले. ते बी कच्चेच निघाले. आता स्लॅब उतरवायचा.

बैठकीत लोकं म्हणली, "वाळूवाल्यानं फसवलं." म्या म्हणलं, "न्हाय. वाळू म्या चोळली व्हती. हाताला चिखल लागला व्हता. दुसरी गाडी यायला आठ दिस लागत व्हते, मिक्सर येऊन उभा व्हता, माणसं खोळंबली व्हती. हात लेंग्याला पुसला आन् माल कालवा म्हणलं." चाळीस वर्सांच्या गवंडीकामात पहिल्यांदा मान खाली घालून घरी आलो.

तुझ्या कागदाचं म्या कुणाला सांगितलं न्हाय. झाकायचं म्हणून न्हाय. ते तुझं तू सांगायचं. रविवारी परत बैठक हाय. सकाळच्या यष्टीनं ये. उभं राहून बोल. म्या शेजारी बसतो, पर मधी बोलणार न्हाय.

तुझा बाप,
ज्ञानोबा