देव्हाऱ्यातलं ओम्याचं हृदय

रविवार, संध्याकाळ

सॉरी, मोबाईलवर टाइप करतेय, खूप स्लो होतंय. नववीत शाळा सोडल्यापासून मराठी लिहिलंच नाही, चुका असणार.

ओम्या, माझा धाकटा भाऊ, परवा कबड्डी खेळताना चक्कर येऊन पडला. आज केबिन रोडच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. हृदयाला रक्त देणारी त्याची उजवी नस डावीकडूनच निघते आणि दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते. धावला की ती दबते. आता ऑपरेशन.

आईने ते चित्र देव्हाऱ्यात ठेवलं. त्याचा रिझल्ट ठेवते ना, तिथेच. कुंकूसुद्धा लावलंय. माझं काय ठेवलंय तिथे कधी?

बहिणीचंही बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून माझ्याही हृदयाचा इको काढला. सगळं नॉर्मल. आई म्हणाली, "सुटले गं बाई!" बस, एवढंच. मला वाईट का वाटलं? नॉर्मल आलं म्हणून कोणी रडतं का?

ओम्या म्हणाला, "तायडे, तुझी नस दे मला, चित्र तू घे." दिवा लावताना मी त्या चित्राच्या पाया पडले, ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून. तरी जळतेय मी.

आणि हो, जिन्याखाली मांजरीला पिल्लं झालीत. ओम्याला अजून माहीत नाही.