नव्या टाइपमध्ये बबडीची जन्मतारीख

३ मार्च, सकाळी १०
आमच्या डेटाबेसच्या नव्या आवृत्तीत काय नवं आहे ते सांगणाऱ्या रिलीज नोट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं. नवा डेटा टाइप येतोय: एकाच रकान्यात माणसाचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, सगळं एकत्र, पण कप्पे वेगवेगळे. रिलीज १४ तारखेला. नेमका लेकीचा वाढदिवस.
संकल्प: उदाहरणात तिचीच माहिती टाकायची. ती दुसऱ्या शहरात याच डेटाबेसवर काम करते, नोट्स वाचणारच. वाचून फोन करेल. नुसता फोन करून शुभेच्छा काय, कोणीही देतं.

६ मार्च
उदाहरण तयार. नाव: बबडी, तिचं लाडाचं. जन्मतारीख: तिची. पत्त्यापाशी अडलो. घरमालकाचं दिवाळं निघाल्यावर तिने जुनं घर सोडलंय एवढंच माहीत आहे. विचारलं असतं तर सरप्राइजचा विचका झाला असता. कप्पा रिकामा ठेवला. या टाइपमध्ये चालतं.

१० मार्च
मॅनेजरबाईंनी माझी दोन पानं तीन ओळींवर आणली. म्हणाल्या, नोट्स कोणी वाचत नाही. उदाहरण मी हट्टाने वाचवलं. बाईंना वाचक कळत नाहीत.

१४ मार्च, सकाळी ९
नोट्स प्रसिद्ध. मोबाइल फुल चार्ज.

दुपारी १
मीटिंगमध्ये असेल. मी फोन केला तर सगळी मजा जाईल.

संध्याकाळी ७
फोन ओट्यावर ठेवून भांडी घासली. दोनदा वाजला, दोन्ही वेळा कर्ज हवंय का विचारायला. घरात फार एकटं वाटतंय. मोठं काम संपलं की असं होतंच.

१५ मार्च
सकाळी ताईचा फोन. चांगलंच झापलं मला. लेक म्हणे काल दिवसभर माझ्या फोनची वाट बघत होती. शेवटी तिने आत्यालाच विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना.
लगेच लेकीला फोन लावला. सांगितलं, शुभेच्छा लेखी दिल्यात, जगजाहीर दिल्यात. लिंक पाठवली. तिने तिथल्या तिथे वाचलं. मग विचारलं, हे लिहायला किती दिवस लागले. अकरा, मी छाती फुगवून सांगितलं.
ती म्हणाली, बाबा, फोनला दोन मिनिटं लागली असती.
मग ती म्हणाली ठेवते, आणि मी बरं म्हटलं.