हनुवटीवरचं गोंदण

माय,

तुझ्या नातीचं लग्न झालं. तू गेलीस तेव्हा ती रांगायची, आणि तुझ्या मांडीवर बसून तुझ्या गळ्यातली मण्यांची माळ ओढायची. आता ती चंद्रपूरला बँकेत नोकरी करते आणि नवराही तिनं तिथलाच निवडला. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये तू आहेस. दुसऱ्याच पानावर, नवरीच्या मागे, माझ्या शेजारी. तिथं तुला मीच उभं केलं, आणि त्याबद्दलच लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या बोलीत लिहायला मी कधी शिकले नाही, आणि आता बोलतानाही अडखळते.

मी काय काम करते हे तुला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. तू विचारायचीस तेव्हा मी 'फोटोचं' म्हणून विषय संपवायचे. आज नीट सांगते. ज्या स्टुडिओत मी होते तो बंद पडला. आता सिंदेवाहीच्या घरातच, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. गोंडपिपरी, मूल, एटापल्लीपर्यंतचे फोटोग्राफर लग्नांचे फोटो माझ्याकडे पाठवतात आणि मी अल्बम लावून देते. एका लग्नाचे हजारो फोटो असतात. सॉफ्टवेअर आपणच चेहरे ओळखतं, डोळे मिटलेले फोटो बाजूला काढतं, सारखे फोटो एका गठ्ठ्यात घालतं. पानांचे साचे तयारच असतात, त्यात फोटो ओढून सोडला की तो आपल्या जागी बसतो. कुणाचा चेहरा पानाच्या मधल्या घडीत जाणार नाही, तेवढं मात्र माणसाला पाहावं लागतं. मग फाइल लॅबला जाते आणि पेटीत घातलेला जाडजूड अल्बम येतो. कुकरच्या शिट्या मोजत मी कितीतरी लग्नं अशी लावून दिली.

माझ्याकडे लोक आणखी एक काम घेऊन येतात. गेलेलं माणूस फोटोत घालायचं काम. गोंडपिपरीच्या एका नवरीचे वडील साखरपुड्यानंतर वारले होते. त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो आणला होता. मी त्यांना फेटा बांधला, दुसऱ्या कुणाचा कोट घातला आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावलं. अल्बम पाहून ती मुलगी माझ्या दारात बसून रडली. तेव्हापासून फोटोग्राफर सांगतात, "त्या बाईकडं द्या, ते जिवंत करून देते." मला हे ऐकायला आवडायचं, माय. खोटं कशाला सांगू.

तर तुझ्या नातीनं हट्ट धरला. लग्नाचे फोटो आले त्या दुपारी ती माझ्या मागे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "साऱ्यायच्या आज्या टाकते ना तू, मंग माही काऊन नाई?" मी म्हटलं, फोटो कुठे आहे? तर तिनं मोबाइलमधून तुझ्या बचत गटाचा फोटो काढला. गावातल्या कुणाकडून तरी मिळवला होता. गटाला शिलाई मशीन मिळालं तेव्हाचा. मागच्या रांगेत तू आहेस आणि नेहमीप्रमाणे पदराचं टोक तोंडावर धरलं आहेस. कपाळ दिसतं, डोळे दिसतात, नाक दिसतं. खालचं काही नाही. "आजीचा दुसरा एकबी नाई?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. का नाही, ते सांगितलं नाही.

तो दिवस तुला आठवत असेल. मी स्टुडिओत लागून वर्ष झालं असेल. तू पहाटेची गाडी धरून, आलापल्लीला बदलून, दुपारी माझ्यासमोर उभी राहिलीस. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातात फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत चारोळी होती. तू स्वतः दगडावर फोडून, टरफलं पाखडून आणलेली. काउंटरवर एक शिक्षक नवरा-बायको फोटो घ्यायला आले होते. ती बाई तुझ्या कपाळाकडे पाहत होती, मग हनुवटीकडे, मग पायांकडे, मग माझ्याकडे. स्टुडिओचे मालक भले माणूस. ते म्हणाले, "बाई, बसा इथी. काय चेहरा हाये तुमचा! मस्त फोटो काढून देतो, पैसे नाई पाहिजे." तू पदर सारखा केलास. तू बसणार होतीस, माय. मी पाहिलं, तू स्टुलाकडे एक पाऊल टाकलं होतंस. आणि मी म्हटलं, "नको भाऊ, तिची गाडी जाईल."

स्टँडवर आपण बराच वेळ बाकावर बसलो. गाडी यायलाच खूप अवकाश होता. मी चारोळीची पुरचुंडी पर्समध्ये कोंबत होते. तू स्टुडिओत मराठीत बोलली होतीस, तेच स्टँडवरही चालू ठेवलंस, जणू मी परकीच होते.

"फोटो नाई काढला तं नाई काढला," तू म्हणालीस. "पन खोटं काऊन बोलली?"

मी म्हटलं, गाडीचा भरवसा नसतो. गाडी आली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि चढलीस. नंतर मी कितीदा गावी आले, तू कितीदा इकडे आलीस, पण फोटोचं नाव कुणीच काढलं नाही. माझ्याकडे कॅमेरे होते. मी दिवसभर लोकांना 'जरा हसा' म्हणत होते.

तर त्या बचत गटाच्या फोटोतून मी तुला कापून काढलं. तुझ्या नातीनं आधी सांगितलं होतं, "आजी जशी होती तशी ठेव." मग ती चंद्रपूरला निघून गेली. मी तुला नेसायला दुसऱ्या एका लग्नातल्या बाईची पैठणी दिली, हिरवी, रुंद काठाची. गळ्यात सोन्याचा हार घातला. तोंडावरचा पदर काढून टाकला. त्याच्याखाली काय असेल ते सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलं. ओठ, गाल, गोल गुळगुळीत हनुवटी. मग मी चेहरा उजळ करण्याच्या बटणावर गेले. सुरकुत्या मऊ झाल्या, रंग जरा उतरला. पण कपाळावरचं गोंदण जाईना. ते बटण डाग काढतं, तीळ काढतं, तुझं गोंदण त्याला निघालं नाही. हिरवट-निळं तसंच राहिलं, भुवयांच्या मध्ये आणि दोन्ही कानशिलांवर. मग मी फोटो मोठा केला, ब्रश घेतला आणि एकेक ठिपका शेजारच्या कातडीनं झाकत गेले. घाई केली नाही. स्वयंपाकघरात वरण उतू गेलं, उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

असं कर म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपण कोण, कुठले, हे मुलीच्या सासरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. लग्नात तिच्या सासऱ्यांनी आपल्या गावच्या माणसांना हात जोडून आपल्याच रीतीनं "सेवा जोहार" म्हटलं, आणि त्यात कसलाही देखावा नव्हता. मला लाजेला काही कारणच उरलं नव्हतं. तरी ती माझ्या हातात होती, ब्रशच्या टोकाशी.

दिवाळीनंतर अल्बम आला. विहीणबाईंनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "ह्या तुमच्या आई? किती शहरी दिसतात हो!" मी हसले. तुझ्या जावयानं अल्बम पाहिला, त्या पानावर जरा थांबला आणि "चांगलं झालं" म्हणून भाताच्या संशोधन केंद्रावर कामाला निघून गेला. त्यानं तुला चांगलं पाहिलं होतं. तो काय समजायचं ते समजला.

मग मावशी आली. तुझी धाकटी बहीण. लग्न तेंदूपानं तोडायच्या हंगामात पडलं, त्यामुळे तिला येता आलं नव्हतं. आता गडचिरोलीला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला दोन दिवस घरी घेऊन आले. नवा डोळा मिळाल्यासारखी ती सगळं पाहत होती. भिंतीवरची पाल, माझे पिकलेले केस, डब्यांवरची चित्रं. अल्बम मांडीवर घेतला आणि नातीचा एकेक फोटो हात फिरवून पाहिला. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"हे कोण बाई व्हय?"

"मावशी, माय आहे ती."

तिनं अल्बम उजेडाकडे नेला, जवळ धरला, लांब धरला. "डोळे तिचेच हायेत," ती म्हणाली. मग तुझ्या कपाळावर बोट ठेवून घासलं, वर काही चिकटलं असेल तर निघेल अशा बेतानं. "गोदलेलं कुठी गेलं?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं केलं, मावशी. ते आपोआप करते."

मावशीनं अल्बम मांडीवर ठेवला. "मेल्यावर संगं एवढंच येते म्हन्तेत," ती म्हणाली. "सोनं इथीच राह्यते, लुगडं इथीच राह्यते. तिनं तं तेवढंच नेलं होतं, व." मग तिनं माझा चेहरा पाहिला असावा, कारण तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "जाऊ दे. मशीनले काय समजते? तुही चूक नाई."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचा दीड दिवस मी तिला चहा दिला, डोळ्यात औषध घातलं, तिच्या आवडीची आंबाडीची भाजी केली, आणि ते वाक्य तसंच राहू दिलं. एटापल्लीच्या गाडीत बसवतानाही तिनं खिडकीतून सांगितलं, त्या मशीनचं मनाला लावून घेऊ नको.

मागच्या आठवड्यात तुझी नात आली होती. तिला काहीतरी छापायचं होतं म्हणून कॉम्प्युटर लावला आणि अल्बमची फाइल दिसली, ती तिनं उघडली. या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम थरांवर थर साठतं. वरचा थर लपवला की खालचं जसंच्या तसं दिसतं. तिनं एकेक थर लपवत नेला. हार गेला, पैठणी गेली, उजळपणा गेला, ब्रशचं काम गेलं. पडद्यावर पदर धरलेली तू उरलीस. मी कणकेच्या हातांनी दारात उभी होते. मला वाटलं, आता ही विचारेल. तिनं विचारलं नाही. ती नुसती म्हणाली, "आई, हे पान परत छापू. कपाळ तं हायेच आपल्याजवळ." मग पदराच्या जागी बोट ठेवून म्हणाली, "इथी काय होतं? हनुवटीवर? मी बनवतो, तू सांग फक्त."

आणि मला सांगता येईना. होतं, एवढं नक्की. ठिपके होते की रेघ होती, फूल होतं की विंचवासारखं काही होतं, ओठाखालून सुरू व्हायचं की टोकावरच होतं, काही म्हणजे काही आठवेना. तुझ्या हाताखाली मी लहानाची मोठी झाले. चुलीपुढे तू मला घास भरवायचीस तेव्हा तुझी हनुवटी माझ्या डोळ्यांसमोर असणार. पण मोठी झाल्यावर मी तुझ्याशी बोलताना नजर बाजूला ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय इतकी चांगली लागली की आत काही साठलंच नाही.

पोरगी म्हणाली, मावशीआजीला विचार. पोरीसमोर नको म्हणून ती बाहेर गेल्यावर मी फोन लावला. मावशीनं लगेच उचलला. मी विचारलं, मायच्या हनुवटीवर नेमकं कसं होतं गं?

ती हसली. "काऊन व, आता मशीन दुरुस्त करून राह्यली का? माह्या हनुवटीवर पाह्य ना. एकाच दिशी, एकाच सुईनं गोदलं आम्हा दोघीले. तिचं माहं सारखंच हाये. तू पाह्यलंच असन."

मी म्हटलं, हो, पाहिलंय.

दोन दिवस ती माझ्यासमोर बसली होती, माय. तिच्या डोळ्यात औषध घालताना मी तिची हनुवटी हातात धरली होती. फोन ठेवून मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिची जांभळी साडी आठवते, डोळ्याची पट्टी आठवते, आंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागताना तिनं पुढं केलेली थाळी आठवते. ओठांच्या खाली काही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुझ्या अल्बमच्या फाइलशेजारी ते पडून राहील. मावशीचं गाव एका दिवसाच्या वाटेवर आहे. जाऊन समोर बसलं की झालं, आणि जमलं तर मशीनचंही खरं सांगता येईल. मी अजून गेलेले नाही. पोरगी त्या संध्याकाळी परत आली तेव्हा तिनं विचारलं, काय म्हणाली मावशीआजी?

मी सांगितलं, तिलाही आठवत नाही म्हणे.