बगळ्याचा स्वेटर

कासू

प्रिय ऋतुजा,

फोनवर बोलायला लागले की माझं तोंड सुटतं, तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंतचं अक्षर, सांभाळून घे गो.

भूमी बरी आहे. पुढचा दात हलायला लागलाय, दिवसभर जिभेने ढकलत बसते. नितेश गेल्यावर तू रोह्याला माहेरी गेलीस, कामाला लागलीस आणि पोर माझ्यापाशी राहिली. आता माघात निकेशशी लग्न करून तू नाशिकला जाणार. भूमीला नेते म्हणालीस, तेव्हा चारचौघांत मी सांगितलं की तू सुखाने जा, पण माझ्या नितेशची पोर कासूतच राहील. तेव्हा रडलीस, भांडलीस. आणि गेल्या महिन्यात फोनवर अचानक बरं म्हणालीस. मला वाटलं, जिंकले.

दिवाळीला आलीस तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, नाशिकला लय थंडी असते. ते तिने धरून ठेवलं. माझ्या मागे लागली, मला बगळ्याचा स्वेटर कर. आपल्याकडे स्वेटर कोण घालतो? आठ दिवसांची थंडी, तीही पहाटेपुरती. तिचे आजोबा म्हणाले, त्यापेक्षा म्हशीला कर. पण त्या पोरीच्या हट्टापुढे माझं काय चालतंय! तू पोटुशी असताना पेणहून आणलेल्या सुया आणि निळी-पांढरी लोकर पत्र्याच्या पेटीत तशीच होती. तू शिकवलंस तसा गणिताच्या वहीवर बगळा काढला, एक चौकट म्हणजे एक टाका.

तू सांगायचीस, रंग बदलताना मागचा दोरा सैल सोडा, आई, ओढू नका. पण माझे हात कुठले? लग्नाआधी मिठागरावर दाभण घेऊन गोण्यांची तोंडं शिवलेले. टाका ढिला राहिला की मीठ सांडायचं आणि मुकादम आईबापाचा उद्धार करायचा. तेच हात. टाक्या-टाक्याला दोरा खेचत गेले. वरून बगळा झकास दिसत होता, एक पाय मुडपून उभा.

मागच्या सोमवारी अंगात घालून बघितला, तर अर्ध्यात अडकला. मागचे दोरे ताणायला तयार नाहीत. पोरीचं डोकं आत, हात वर, नुसती घुसमटली. कसाबसा ओढून काढला. ती रडली नाही. मीच मेली बोलून गेले, बघ, बसत नाय अंगात, म्हणजे तू जावंस असं देवाच्या मनात नाय.

ती उठून आत गेली आणि दप्तर घेऊन आली. पुस्तकं काढून त्यात एक फ्रॉक, कंगवा आणि दात घासायचा ब्रश भरून ठेवला होता. कधीपासून, कोण जाणे. ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, स्वेटर नाय तर नाय, आजी. थंडी वाजली तर आई घेईल ना जवळ.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळा स्वेटर उसवला आणि दोरा सैल सोडून पुन्हा विणायला घेतला. काल पुरा झाला. चोच जरा वाकडी आलीय, आजोबा त्याला बदक म्हणतात. पण अंगात सहज जातो, आणखी दोन थंड्या पुरेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू बरं म्हणालीस ते माझ्या धाकाने नव्हे. मी तुला सांगितलं होतं की भूमी तुझी आठवणसुद्धा काढत नाही, इथेच रमलीय. ते खोटं होतं, ऋतुजा. तुझा फोन आला की मीच तिला शेजारी पाठवायचे. रोज संध्याकाळी रोह्याहून गाडी आली की ती ओट्यावर जाऊन उभी राहते आणि विचारते, आई उतरली काय? मला माझ्या नितेशला धरून ठेवता आलं नाही, म्हणून तुझी पोर धरून बसले. माफ कर. नाही केलंस तरी मी काय म्हणणार? पण रविवारी ये आणि तिला घेऊन जा. आई येणार, असं मी तिला सांगून बसलेय. एवढं तरी माझं बोलणं खरं होऊ दे.

तुझीच, अजून मानत असशील तर सासू,
सगुणा