तामंतचं पोट आणि तिच्या गळ्यातला पट्टा

आणि तो पट्टा आधी काढा. तीनदा फोनवर सांगितलं. तिन्ही वेळा इम्मी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "बघते रे," आणि तिन्ही वेळा अनीर मागून काहीतरी बोलला. आमच्या गल्लीत आजवर कुणी मांजराच्या गळ्यात काही बांधलेलं नाही. मांजर म्हणजे काय बकरी आहे? आणि बांधायचंच होतं तर मी बांधलं असतं. माझ्या शर्टाच्या बाहीत वाढलेली मांजर, आणि गळ्यात दुसऱ्याच्या हातची लाकडी पाटी.

असो. हे मृत्युपत्र आहे, भांडण नाही, असं बा सालेमने आत्ताच बजावलं. तेव्हा रीतसर सुरू करतो.

अल्लाच्या नावाने. मी इद्दर, नावा बांधणारे सुतार कैलासवासी नव्हे, अल्लाला प्यारे झालेले हम्मू यांचा एकुलता मुलगा, वय चोवीस, शिक्षण पाचवी, राहणार सुवीरा, बंदरामागची गल्ली, हल्ली मुक्काम दक्षिणेचं दाखला बंदर, ऑक्टोपसच्या बोटीवर खलाशी, असं लिहून ठेवतो की अल्ला एक आहे हे मी मानतो, माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, आणि कुणी माझा हात धरून हे लिहून घेतलेलं नाही.

उद्या हंगाम उघडतो. आमच्या कप्तानाचा नियम असा की आदल्या दिवशी प्रत्येकाने आपला कागद बा सालेमच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि मगच बोटीवर पाय ठेवायचा. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बोटीवरचे चौघे परत आले नाहीत, आणि त्यांच्या मागे कुणाचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बा सालेम आमचा स्वयंपाकी. तरुणपणी दोन वर्षं मदरशात काढली, म्हणून अर्धा मौलवी. मासळीच्या पावत्यांचं पुस्तक आणि त्यातला कार्बन त्यानेच दिला. एक प्रत डब्यात राहील, दुसरी बर्फाच्या ट्रकबरोबर घरी येईल. म्हणून इथे जे खोडलेलं दिसेल ते दोन्हीकडे खोडलेलं असेल.

कलम पहिलं. मी इथे मेलो तर इथेच पुरावं. समुद्राने ठेवून घेतलं तर तेवढेही कष्ट नाहीत. इम्मीने मला न्यायला येऊ नये. तिला बसमध्ये उलट्या होतात.

कलम दुसरं. माझं कुणाचं देणं नाही. कप्तानाकडे माझी साठवलेली मजुरी आहे, त्याची चिठ्ठी बा सालेमकडे. आपल्या शरीयतीप्रमाणे मला त्यातला फक्त तिसरा हिस्सा मनाप्रमाणे देता येतो, तोही वारस नसलेल्याला. बाकीचं वारसांत कसं वाटायचं ते ठरलेलंच आहे, त्यात इम्मीचा हिस्सा आहे, तो मी लिहिला काय आणि न लिहिला काय. मी म्हणालो, सगळंच इम्मीला लिहितो. बा सालेम म्हणाला, "अल्लाने केलेला हिशोब तू पाचवी शिकून दुरुस्त करणार?" तेव्हा ते राहिलं.

कलम तिसरं. गच्चीवरची खोली. घर इम्मीचं, पण ही खोली माझ्या पहिल्या दोन हंगामांच्या कमाईतून उभी राहिली. पश्चिमेच्या खिडकीला निळा रंग मी दिला. तिथे गेल्या फेब्रुवारीपासून अनीर झोपतो. हा अनीर म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बंदरावर नावांचं सुतारकाम करतो. मी या खेपेला इकडे आलो आणि तो डोंगरातल्या गावाहून ट्रंक घेऊन खाली आला, इम्मीला सोबत म्हणून. पलंग माझा, घोंगडी माझी. पायथ्याशी तामंत झोपायची, ती आता त्याच्या पायांवर झोपते. हे इम्मीने मला हसत हसत सांगितलं. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

कलम चौथं. वडिलांची हत्यारं. वाकस, मोठा रंधा, चार पटाश्या आणि फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायची बोथट पटाशी. ही सगळी अनीर वापरतो. त्याला ती मी दिलेली नाहीत. वडील आम्हा दोघांना एकाच फळीवर शिकवायचे. मी उन्हाळाभर टिकलो, मग अर्गनच्या तेलघाण्यावर गेलो, मग अगादीरला संत्री भरायला, मग इथे. अनीर त्याच फळीवर राहिला. वडील चारचौघांत म्हणायचे, "इद्दरच्या पायाला भिंगरी आहे. हात बघायचा तर अनीरचा बघा." हे वाक्य मी दाखल्यापर्यंत घेऊन आलो आहे. हत्यारांचं काय करायचं ते शेवटी लिहितो.

कलम पाचवं. तामंत. माझ्याकडे देण्यासारखं खरं तर हेच आहे, बाकीचं सगळं उगाच.

मधाच्या रंगाची म्हणून नाव तामंत. चार वर्षांपूर्वी धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगाखाली सापडली. तिचं पोट पहिल्यापासून नाजूक. कधी तीन-तीन दिवस वाळूच्या खोक्याकडे फिरकायची नाही, कधी एका दुपारी गालिचा, चटई आणि इम्मीची चप्पल. रात्र रात्र तिचं पोट मी चोळलं आहे. रोज पहाटे धक्क्यावर जाण्याआधी माझ्या वाटीतलं अर्धं दूध मी तिला दिलं. मी स्वतः काळा चहा प्यालो, पण तिचं दूध चुकवलं नाही. पोट बिघडलं की दुप्पट दिलं, अंगात ताकद यावी म्हणून. गल्लीतही तिला कुणी उपाशी ठेवलं नाही. सात दारं आहेत, सातही दारांत तिची ताटली. भट्टीवाला सार्डिनची डोकी देतो, शिंपी त्याच्या ताटातला रस्सा-भात. मांजराच्या तोंडात घास गेला की पुण्य लागतं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

मागच्या शुक्रवारी फोन केला.

"इम्मी, तामंत कशी आहे?"

"झकास. रोज सकाळी अजान झाली की वाळूत जाऊन येते. घड्याळ लावावं तशी."

"मी असताना जात नव्हती का?"

"तू असताना चौथ्या दिवशी जायची, आणि तेही गालिच्यावर. आता अनीर म्हणतो की..."

"अनीर म्हणतो, अनीर म्हणतो. मी काय मेलो का?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? थांब, त्यालाच देते."

आणि तो फोनवर. आवाज असा शांत, की ऐकूनच डोकं फिरावं.

"इद्दर, रागावू नकोस. दूध बंद केलंय."

"कुणाला विचारून?"

"तिच्या पोटाला विचारून. वेशीजवळच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेऊन आणलं."

"आणि पट्टा? तो पण पोटाने मागितला?"

"पट्ट्याचा फोटो पाठवलाय ना तुला? बघितलास?"

मी फोन ठेवला. फोटो बघितला होता. गळ्यात तांबड्या दोरीत थुयाच्या लाकडाची छोटी पाटी, तिच्यावर बारीक कोरलेलं काहीतरी. त्यात वाचायचं काय? माझ्या खोलीत झोपणाऱ्या माणसाने माझ्या मांजरावर आपलं नाव कोरलं असणार. जाळ्याच्या बोयांवर कोरतात तसं.

म्हणून लिहून देतो: माझ्यामागे तामंत शेजारच्या लल्ला रकिया यांच्याकडे जावी. मजुरीचा तिसरा हिस्सा तिच्या खाण्यासाठी त्यांच्या हाती द्यावा. रोज पहाटे दूध, शुक्रवारी सार्डिन. पट्टा काढून समुद्रात टाकावा. अनीरने तिला हात लावू नये.

इथवर लिहून मी साक्षीच्या सहीसाठी बा सालेमकडे गेलो. तो कांदे चिरत होता. हात पुसून त्याने चष्मा लावला, सगळं वाचलं, आणि कागद परत केला.

"यावर मी सही करणार नाही."

"का? शरीयतीत बसत नाही?"

"शरीयतीत बसतं. मांजराच्या पोटात बसत नाही. हे मृत्युपत्र तुझं आहे की तिचं?"

"दुधाने काय होतंय, बा?"

"आपल्या काळीला मागच्या आठवड्यात डब्यातलं दूध कुणी पाजलं?"

काळी म्हणजे आमच्या बोटीवरची मांजर. मीच पाजलं होतं. घरची आठवण आली होती, दुसरं काय. संध्याकाळपर्यंत तिने कप्तानाच्या नव्या दोरखंडाच्या वेटोळ्यात जे करून ठेवलं ते मी आणि इंजिनवाल्या ताशफीनने दोन तास धुतलं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की तिने शिळा ऑक्टोपस खाल्ला असेल.

"मला ठाऊक होतं," ताशफीन कोपऱ्यातून म्हणाला. "डबा तुझ्या बिछान्याखाली होता."

बा सालेम म्हणाला, "आईचं दूध सुटलं की पुष्कळ मांजरांना मग कुठलंच दूध पचत नाही. ती पितात, कारण त्यांना आवडतं. तू देतोस, कारण तुला आवडतं. आणि निस्तरतो तिसराच. फोटो दाखव त्या पट्ट्याचा."

दाखवला.

"हे वाचलंस?"

"त्याचं नाव असेल, दुसरं काय असणार?"

"अरे शहाण्या, मोठं करून वाच."

मी मोठं केलं. अक्षरं बारीक होती, पण सरळ. पाटीवर असं आहे: ही इद्दरची मांजर. पोट नाजूक आहे. कुणी काही खायला घालू नये.

ताशफीनने विचारलं, काय लिहिलंय. मी त्याला वाचून दाखवलं नाही. बा सालेम परत कांद्याकडे वळला.

कलम पाचव्याचा शेवटचा भाग रद्द. त्यावर रेघ मारली आहे. त्याच्या जागी कलम सहावं धरावं.

कलम सहावं. तामंत माझी आहे, हे पाटीवर आहेच. मी परत आलो नाही तर ती अनीरकडे राहावी, आणि तिसरा हिस्सा तिच्या खाण्यासाठी त्याच्या हाती द्यावा. तो माझा वारस नाही, म्हणून त्याला देता येतो. पट्टा काढू नये. सातही दारांना इम्मीने माझ्या नावाने सांगावं की ताटल्या उचला, पुण्य दुसऱ्या मांजरांकडून घ्या. लल्ला रकियांना हे इम्मीनेच सांगावं. त्या मला मारतील.

काय घालायचं ते शनिवारी मी इम्मीकडून परत विचारून घेतलं होतं, चुका काढायच्या म्हणून. चूक सापडली नाही, म्हणून उतरवून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं एकच खाणं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, ठरल्या वेळी. बदलायची वेळ आली तर आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यावं. एका दिवसात बदलू नये. पोट बिघडलं तर एखादा दिवस साध्या पाण्यात उकडलेली कोंबडी, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. घट्ट झालं तर उकडलेल्या लाल भोपळ्याचा एक लहान चमचा, त्यात साखर-दालचिनी नको, इम्मी विसरते. पाणी पसरट भांड्यात, खाण्यापासून लांब, रोज ताजं. केस विंचरावेत, नाहीतर ते पोटात जातात. आणि दोन दिवस वाळूत काही दिसलं नाही, किंवा ती बसून नुसती कुंथत राहिली, किंवा ओकत राहिली, तर तेल पाजत बसू नये, थेट डॉक्टरीणबाई. मी तेलही पाजलेलं आहे. हेही लिहून ठेवतो.

एक मात्र अनीरला माहीत नाही. तिला पोट चोळून घ्यायचं असतं तेव्हा ती आधी उजवा पंजा मनगटावर ठेवते. मग हळू, उलट्या हाताने. हे इतके दिवस मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता तेही त्याचं.

कलम चौथ्याचं राहिलेलं. हत्यारं अनीरला दिली. तशीही त्याच्याकडेच आहेत, पण मी दिली असं कागदावर राहू दे. वडिलांचं वाक्य बरोबर होतं. मला ते आवडत नाही, आणि अनीरने हे कुणाला वाचून दाखवू नये. पाटीवरचं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी जिवंत परत आलो तर पलंग मात्र माझा. ती कुणाच्या पायांवर झोपायचं ते तिचं तिने ठरवावं. मी विचारणार नाही. बघेन.

हे सर्व मी वाचून बघितलं, रेघ मी स्वतः मारली, आणि खाली सही करतो.

साक्षीदार पहिला: बा सालेम, स्वयंपाकी. या वेळी दोनदा वाचून सही केली.
साक्षीदार दुसरा: ताशफीन, इंजिनवाला. अंगठा, कारण हात तेलाचे होते.
सही: इद्दर, हम्मूचा मुलगा.
ठिकाण दाखला बंदर, दिवस सोमवार, डिसेंबरची एकोणतीस, असरची नमाज झाल्यावर.

ट्रकवाल्याच्या हाती, भोपळा, कोंबडी आणि दोरी झिजली असेल तर पट्ट्याच्या नव्या चामड्यासाठी, अनीरच्या नावे सोबत पाठवत आहे: दिरहम सहाशे वीस फक्त.