शंका नसताना जायचं

६ एप्रिल
नानांना मूत्रविकारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बराच वेळ. नाना मांडीवर वर्तमानपत्र उलगडून बसले होते. वाचत नव्हते, झाकत होते. आत डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, बाथरूमपर्यंत पोचता का? जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. म्हणाले, "पूर्वी शंका यायची. आता थेट निर्णयच येतो." डॉक्टर हसले, मीही हसले. नाना हसले नाहीत.

सोनोग्राफी बरी. प्रोस्टेटच्या गाठीचा दोष नाही. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर मेंदूचा निरोप खाली वेळेवर पोचत नाही, एवढंच. "एवढंच" डॉक्टरांचं. ऑपरेशन नको म्हणाले, लघवीची नळी तर नकोच. ती कायमची बसली की इन्फेक्शनही मुक्कामाला येतं. आधी साधे उपाय. दर दोन तासांनी घड्याळ बघून जायचं, चहा कमी, स्नायूंचे व्यायाम, लागलं तर पॅड. आणि पाणी तोडायचं नाही. हे त्यांनी परत परत बजावलं. नानांनी प्रत्येक वेळी मान डोलावली. इतकी आज्ञाधारक मान मी आजवर पाहिलेली नाही.

८ एप्रिल
दहाला म्हटलं, नाना, चला. नाही आली म्हणाले. नसली तरी जायचंय. "शंका नसताना जायचं? मग निरसन कशाचं करायचं?" थोड्या वेळानं खुर्चीतच. मी पुसलं. दोघंही भिंतीकडे बघत.

जेवताना सुचलं. म्हटलं, हे नैमित्तिक कर्म समजू नका, नित्य समजा. संध्येला कुठे निमित्त लागतं? वेळ झाली की उठायचं. नानांचा घास हातातच. मग परीक्षकाच्या सुरात, "आणि न केल्यास दोष?" आहे की. धोतर बदलावं लागतं.

चारला आपणहून उठले. वादात हरवलं नसतं तर उठले नसते.

११ एप्रिल
पॅड आणायला बुधवार पेठेत. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, कुणासाठी? वडिलांसाठी. कंबर? मोजली नाही. "मग मोजून या." उन्हातून घरी आले, मोजली, परत गेले. नानांनी पॅड हातात धरून उलटंपालटं केलं. बाळंतविड्यातली वस्तू चुकून आपल्याकडे आली, म्हणाले. रात्रीपुरतं घालतात. दिवसा नाही.

१५ एप्रिल
फिजिओथेरपीची मुलगी आली. गोड पोर आहे. सर, लघवी मध्येच थांबवताना आवळतो ना, ते स्नायू आवळायचे, सोडायचे, होल्ड अँड रिलॅक्स. नानांचा चेहरा कोरा. मला राहवलं नाही. म्हटलं, नाना, मूलबंध.

झालं. पाठ ताठ, डोळे मिटले, श्वास कोंडला, चेहरा लालबुंद. मुलगी घाबरली. "सर, श्वास सोडा, पोट नका ना आवळू!" नाना मिटल्या डोळ्यांनी: "कुंभकाशिवाय कसला मूलबंध?" कोंडलेल्या श्वासाचा जोर खालीच जातो. गेला. नवीन चादर.

शब्द मीच पुरवला होता. मुलीनं चादर बदलायला हात लावला, हे जास्त लागलं. नानांना म्हणाली, मोठ्यानं मोजा म्हणजे श्वास अडकणार नाही. आता घरात एकम्, द्वे, त्रीणि ऐकू येतं. पञ्चला सोडायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, शिकवणी परत सुरू का? हो म्हटलं. पहिलीपासून.

२१ एप्रिल
बाहेर जाण्यासाठी डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, वरून चढवायची पिशवी. निरोधासारखं आवरण, त्याला नळी, पिशवी पोटरीला बांधायची. आत काही जात नाही. मुलीनं लावायची वस्तू नव्हे. गजाननानं लावली. मी कॉलेजात नोकरीवर असते तेव्हा हाच नानांपाशी असतो. यवतमाळकडचा, घाई म्हणून माहीत नाही. नानांनी पिशवीचं नाव कमंडलू ठेवलं आणि कमंडलूसह कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन आले. कितीतरी महिन्यांनी. येताना कुणाशी तरी भांडूनही आले. मी खूश.

२५ एप्रिल
आवरणाखाली कातडी सोलली. कमंडलू बंद. वाचनालयही.

शिरीषचा बंगळूरहून फोन. "ताई, सरळ नळी टाका ना. का छळताय त्यांना?" धाकटे भाऊ दुरून फार स्पष्ट बघतात. त्याला इन्फेक्शनचं सांगितलं. तो ओके म्हणाला. पटल्याचं ओके नव्हतं.

२८ एप्रिल
नानांनी संध्या सोडली. विचारल्यावर म्हणाले, अशा अंगानं नको. आजाऱ्याला नियम सैल असतात, हे तुम्हीच शिकवलंत, मी म्हटलं. "आजारी असतो तर." म्हणजे आता आचमनाचं पाणीही पोटात जाणार नाही.

पण बाकी पाणी पितात. गजानन सांगतो, "पाणी तं बराबर पिऊन राहिले आजोबा, गिलास रिकामाच असते." धोतरही आता कमी भिजतं. व्यायाम लागू पडला म्हणायचा. गॅलरीतला गवती चहा या उन्हातही माजलाय. आपल्या घरात कुणीतरी तरारतंय.

४ मे
कॉलेज लवकर सुटलं. दाराशी चपला काढतानाच गॅलरीतले नाना दिसले. हातात पेला. गवती चहाच्या कुंडीत पाणी ओतत होते. सावकाश, अर्घ्य दिल्यासारखं. गजानन आत भात लावत होता.

मी नाना म्हटलं. ते दचकले नाहीत. पेला उपडा करून शेवटचा थेंबही कुंडीला दिला. मग, "आत गेलं की बाहेर येणारच, सुमा. आत जाऊच नये."

तीन महिने मी ज्याला व्यायामाचा गुण—

नाही, तीन महिने कुठले. महिनाही झाला नाही. तेवढ्यात एवढं.

ओठ बघितले. सालं निघालेली. रोज समोर बसून जेवते मी.

५ मे
आज समोर उभं राहून पाजलं. शाळेत गृहपाठ तपासायचे तसे माझ्याकडे बघत प्यायले. दोन पेले. अर्ध्या तासात सगळं. बाथरूमच्या दारात. मला म्हणाले, बघितलंस?

८ मे
सकाळी ताप. मला आईच्या नावानं हाक. मग वर्ग सुरू केला, गैरहजर मुलांची नावं. शब्दरूपं चुकली. नानांची शब्दरूपं! रिक्षा नको, ॲम्ब्युलन्सच बोलाव, शिरीषनं फोनवरून ओरडून सांगितलं. त्याचं बरोबर होतं.

लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी आटलेलं. सलाईन. आणि नळी, तात्पुरती, लघवी मोजायला. जी टाळण्यासाठी सगळा खटाटोप, ती दवाखान्यात दोन मिनिटांत घातली.

१२ मे
शुद्धीवर. ताप उतरला. नर्स समोर धरेल तेवढं पाणी पितात. नारळपाणी मागून घेतलं. पलंगाखाली पिशवी भरते, तिकडे बघतही नाहीत. नर्सला विचारलं, आपलं गाव कोणतं? वर्तमानपत्र वाचलं. खरंच वाचलं. मुद्रणदोष दाखवले.

१४ मे
नळी काढून घरी. डॉक्टर: पुन्हा घड्याळ, पुन्हा व्यायाम, पाणी नीट गेलं पाहिजे. पुन्हा असं झालं तर कायमच्या नळीचा विचार करावा लागेल. पण या वयात ती टाळता येईल तेवढी टाळू. मी हो म्हटलं, नानांच्या वतीनं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

१६ मे
दर दोन तासांचं नित्यकर्म चालू आहे. मोजणं चत्वारिपर्यंत पोचतं, पुढे दमतात. पाणी नाही. घोटभर घेतात, तोंडात धरतात, मग गिळतात. औषधासारखं. दुपारपर्यंत अर्धा पेला. मी ओरडले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

१७ मे
सकाळी पेला समोर ठेवून बसले होते. मला बस म्हणाले.

"नळी होती तेव्हा मी पाणी पीत होतो ना?"

हो.

"तेव्हा धोतर कोरडं होतं आणि घसा ओला. आता उलटं आहे."

मी सगळं सांगितलं. इन्फेक्शन, परत परत दवाखाना, ताप, त्या दिवशी काय काय बडबडलात ते. शेवटचं सांगायला नको होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

"तुझा पूर्वपक्ष चोख आहे. पण मला तहान लागते गं. आणि तहान लागली की भीती वाटते. डॉक्टरांना सांग, नळी घाला म्हणावं."

शिरीष हेच म्हणाला होता, तेव्हा मला राग आला होता. नानांवर कसा काढू? डॉक्टरांना फोन लावला, पलीकडे वाजायला लागल्यावर बंद केला. त्यांचाच फोन उलट आला. सध्या वाजतोय. नाना माझ्याकडे बघतायत, पेला हातात. पेन ठेवून उचलते.