विकायची गाडी

दादा,

तू सांगितलंस तशी गाडी धुतली. आधी नुसत्या पाण्याने धूळ काढली, मग शाम्पू लावला, मऊ कापडाने कोरडी केली आणि सावलीत उभी करून वॅक्स लावलं. हात भरून आले, पण रंग कसा नव्यासारखा दिसतोय. संध्याकाळी गिऱ्हाईक नाक मुरडणार नाही.

मी बॉनेट घासत होते तेव्हा बाबा बाहेर आले. त्यांना वाटलं, आपण सगळे फिरायला निघालोय. "किती दिवसांनी गं! थांब, आलोच तयार होऊन," म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेत. मला मात्र तू म्हणाला होतास, "बाबांना विचारलंय, त्यांची काही हरकत नाही."

मी कामावर चाललेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. ते जेवत नाहीत, वाटेत खाऊ म्हणतात. गिऱ्हाईक यायच्या आत घरी ये आणि त्यांना काय ते तुझ्या तोंडाने सांग.

किल्ली त्यांनी खिशात टाकलीय. मागायला माझी जीभ रेटली नाही. तुझी रेटेल.